दारावरची निंबाची डहाळी

आमच्या गावच्या बायका बांगड्या भरायला दोन कोस चालून गोरेगावच्या बाजाराला जातात. सोळा वर्षं असंच चाललं आहे. आजूबाजूच्या गावांत बांगडीवाली घरोघर फिरते. आमच्या शिवेपाशी आली की मात्र वळते आणि पुढच्या गावाची वाट धरते. नव्या सुनांना याचं नवल वाटतं. त्या विचारतात तेव्हा सासवा सांगतात, "मानमोडीच्या साली तिनं बिमारी आनली होती गावात."

बिमारी तिने आणली नव्हती. हे मला एकट्यालाच माहीत आहे, असं मी गेल्या महिन्यापर्यंत समजत होतो.

मानमोडीची साथ आली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि गावच्या शाळेत मास्तर होतो. एक खोली, चार इयत्ता, एक मास्तर. दसऱ्याच्या आधीच गोंदियाहून खबरा येऊ लागल्या. ताप येतो, अंग मोडतं, मान धरते आणि तीन-चार दिवसांत धडधाकट माणूस जातो. म्हातारे सुटतात, तरणे जातात, आणि पोटुशी बाई सापडली तर ती वाचतच नाही, असं येणारा-जाणारा सांगे. आमच्या गावात पहिली दोन मयतं झाली आणि मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, चावडीत पंच बसवून गाव बंद केलं.

गोरेगावच्या वाटेवर बोरीच्या काट्यांची आडवी झाप टाकली आणि तिच्यापाशी कोतवाल बसवला. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. तेल-मीठ आणणाऱ्याने ते काट्यांपलीकडे ठेवून मागे सरायचं. देवीच्या साथीत आमच्याकडे आजाऱ्याच्या दारावर कडुनिंबाची डहाळी बांधतात, तीच रीत इथेही लावली. ज्या घरी ताप, त्या दारावर डहाळी. ताप उतरल्यावरही पाच दिवस ती तशीच ठेवायची. गावात एकही डहाळी उरली नाही की झाप जाळायची.

डहाळ्या बांधण्या-उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. शाळा बंद होती आणि मी कोणत्याच पार्टीचा नव्हतो. "मास्तर खोटं बोलनार नाही," असं मालगुजार चावडीत म्हणाला. त्यावर कुणी हसलं नाही.

रोज सकाळी मी दारोदार फिरू लागलो. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की लोकांना तापापेक्षा माझी भीती जास्त वाटते. डहाळी लागली की त्या घरी कुणी विस्तव द्यायचा नाही आणि विहिरीवर त्यांची पाळी शेवटी. मग लोक ताप लपवू लागले. एका म्हातारीने मला रस्त्यात थांबवून समोरच्या घराकडे हनुवटी केली. "मास्तर जी, त्या घरी पाहा. भर दुपारी उखळ वाजून राह्यलं. घरात पायलीभर धान नाही, अन् कांडते काय?"

मी आत गेलो. ती बाई रिकाम्या उखळात मुसळ घालत होती आणि मागच्या खोलीत तिचा नवरा खोकत होता. मी दारावर डहाळी बांधली. ती मला एवढंच म्हणाली, "तुमच्या घरी कोनी खोकलं तर कोन बांधंल, मास्तर?"

त्यानंतर गावात कुठेही अवेळी कांडण ऐकू आलं की शेजारी भिंतीला कान लावत. मीही तसाच झालो. माणूस बोलू लागला की त्याचे शब्द सोडून मी त्याचा गळा पाहायचो.

दिवाळी तशीच गेली. नंतर डहाळ्या कमी होऊ लागल्या आणि भांडण सुरू झालं ते मंडईवरून. भाऊबीजेनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. एक दिवसाचा बाजार, दंडारीचा खेळ, लेकी-जावई, पाहुणे, लग्नाच्या गोष्टी. मंडई न भरवणारं गाव मेलेलं समजतात. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. हलकं धान कापणीला आलं होतं, भारी धान तलावाच्या पाण्यावर कसंबसं उभं होतं, आणि कापणीला माणसं बाहेरून आणावी लागणार होती. चावडीत पंच बसले तेव्हा गावात तीन डहाळ्या होत्या.

मालगुजार म्हणाला, "आठ दिवसांत तिन्ही उतरतील. मंडई भरवाची का नाही, आज ठरवा. कापाले मानसं आनाची तर आतापासून सांगाव लागंल."

पाणकर उठला. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, केव्हा सोडायचं हे ठरवणारा तो माणूस. त्याच्या घराण्याने तलाव बांधला म्हणतात, आणि पाळीवरचं, म्हणजे तलावाच्या बांधावरचं, गवतसुद्धा तो आपलं समजे. त्याची बायको आधीच वारली होती. एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"मायी पोरगी दिवसात आहे," तो म्हणाला. "नववा लागला. पंधरा दिवस झाप राहू द्या. मोकळी झाली का मी सोता काडी लावतो."

"अन् मंग दुसऱ्याची पोरगी दिवसात राहीन," मागून एक तरणा बोलला. "गावात कोनी ना कोनी पोटुशी राहतेच, काका. झाप काय जल्मभर ठेवाची?"

लोक हसले. आणखी एक जण म्हणाला, "पाणकराले काय होते? आपन सारे काट्याच्या आत, अन् हा तलावावर मोकळा फिरून राह्यला. बंदी जितकी लांबंल तितका याचा भाव."

"भाव कायचा गा? पानी सोडतो तवा तुयी बांधी भरते ना? मंग गप बस." मग तो मालगुजाराकडे वळला. "तुमची बायकापोरं नागपूरले आहेत, मालक. झाप खोलाले तुमाले कायचा डर?"

"ते सनाले गेले."

"सन होऊन गेला जी."

तेव्हा पायरीखाली बसलेली एक मजुरीण उठली. एरवी चावडीत बाई बोलत नसे. ती म्हणाली, "तुमी दोघंबी भरल्या पोटानं भांडून राह्यले. माया घरी पेजेले तांदूळ नाही. बाहेर गेली तर कापनी भेटंल. तापानं मेली का उपाशी मेली, जाराले लाकडं तितकीच लागतात."

तिचं बरोबर होतं आणि पाणकराचंही बरोबर होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी जो तो दुसऱ्याच्या बोलण्यात त्याचा फायदा शोधत होता. शेवटी मालगुजार म्हणाला, "मास्तर, तुमी सांगा."

मी म्हणालो, "जो नियम आहे तो आहे. डहाळ्या उतरल्या की झाप जाळायची. नाही उतरल्या तर नाही."

माझं बोलणं सगळ्यांना निःपक्षपाती वाटलं. पाणकरानेही मान हलवली. माझी बायको पोळ्याला तिरोड्याकडे तिच्या माहेरी गेली होती आणि झापेच्या पलीकडे अडकली होती, हे चावडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी माझ्याविषयी त्या दिवशी कुणाला शंका आली नाही. इतका संशय गावात भरलेला असताना मीच तेवढा त्यातून सुटलो होतो.

दोन डहाळ्या उतरल्या. तिसरी उतरायच्या आदल्या दिवशी माझ्या वडिलांना ताप चढला, आणि मी माझ्याच दारावर डहाळी बांधली. बांधताना समोरच्या ओसरीवरून लोक पाहत होते, म्हणून गाठ दोनदा मारली. वडील तगले. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाच दिवसांची मोजणी सुरू झाली. आता गावात ती एकच डहाळी होती. माझ्या दारासमोरून जाणाऱ्या माणसाची मान आपोआप वर होई. मालगुजाराचा गडी रोज विचारी, "आज कितवा, मास्तर?" संध्याकाळी पाळीवरून परतताना पाणकर थांबे आणि म्हणे, "घाई नोका करजा."

पाचव्या संध्याकाळी तेल-मीठ आणणाऱ्याने झापेपलीकडून मला हाक मारून सांगितलं की तो माझ्या सासुरवाडीवरून आला. तिथे रोज मयत उठतं. "तुमच्या सासऱ्याच्या घराचं दार लागलेलं दिसलं," तो म्हणाला. मी विचारलं, बाहेरून की आतून? त्याला आठवेना.

सहाव्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा गुडघे आणि पाठ दुखत होती. घशात काहीतरी खरखरत होतं. दव पडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वडिलांना पाणी द्यायला वाकलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. "अंग गरम लागून राह्यलं तुयं."

"चुलीपाशी होतो," मी म्हणालो.

त्यांनी मनगट सोडलं आणि कूस बदलली. चूल अजून पेटली नव्हती. ते त्यांना पडल्या जागेवरून दिसत होतं.

मी बाहेर आलो आणि डहाळी उतरवली. पाच दिवस पूर्ण झाले होते, ते वडिलांच्या तापाचे. माझा ताप त्या मोजणीत नव्हता. तेव्हा मी मनाशी हाच हिशोब मांडला आणि तो मला बरोबरही वाटला.

चावडीत जाऊन मी सांगितलं, "गावात एकही डहाळी नाही."

पाणकर खांबाला टेकून उभा होता. त्याने मला नीट पाहिलं. "मास्तर, आवाज बसला का तुमचा?"

"निंबाची धूळ गेली घशात," मी म्हणालो.

तो आणखी काही बोलणार होता. तेवढ्यात पोरं ओरडत झापेकडे पळाली आणि चावडी त्यांच्यामागे रिकामी झाली. बोरीचे वाळलेले काटे चरचरत पेटले. मी धुरात उभा होतो, त्यामुळे खोकलो तरी चालण्यासारखं होतं.

मी त्याच दिवशी बायकोला आणायला निघणार होतो. पण पाय उचलेनात. दुपारी डाकवाला आला. गाव बंद असताना तो शिवेपर्यंतही येत नसे, म्हणून साठलेली डाक एकदम आली. तिच्यात पाणकराच्या लेकीला तिच्या नवऱ्याचं पत्र होतं. तो गोंदियाला रेल्वेच्या टोळीत होता. गावातली सगळी पत्रं मीच वाचून दाखवीत असे. पत्र कोतवालाच्या हाती देऊन उद्या येतो म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी स्वतः गेलो. नेहमीचं काम नेहमीसारखं केलं तर मी आजारी नाही असं ठरेल, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

पाणकर तलावावर होता. ती एकटीच घरी होती. ती उंबऱ्याच्या आत पाटावर बसली, मी बाहेर ओट्यावर. ती एकोणीस वर्षांची असेल.

"सारं वाचजा, दादा," ती म्हणाली. "एक अक्षरबी सोडू नोका."

पत्र कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं होतं. मी बरा आहे. टोळीतली काही माणसं गेली. बाळासाठी लाल टोपरं घेऊन ठेवलं आहे. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही. पुढची ओळ अशी होती: 'माझ्या अंगावर इथली हवा आहे म्हणून येत नाही, आणि तूही ज्याचा आवाज बसला असेल, ज्याचं अंग कणकणत असेल त्याला जवळ येऊ देऊ नको, तो सख्खा असला तरी दारातून परत लाव.' त्याखाली लिहिलं होतं, लेक झाली तरी मला आनंद आहे.

मी 'येणार नाही'पर्यंत वाचलं, पुढची ओळ पाहिली आणि थेट लेकीवर आलो.

"येनार नाही म्हनतात?" तिने विचारलं. "काऊन?"

"काम असेल लाइनीवर."

"असं लिवलं आहे?"

"हो."

ती पाटावर थोडी पुढे सरकली. मग म्हणाली, "अजून एकदा वाचा ना." मी पुन्हा वाचलं. पहिल्यांदा ती ओळ घाबरून सुटली, असं मी म्हणू शकतो. दुसऱ्यांदा मी ती पाहून गाळली. शेवटी खोकला आवरेना, तेव्हा ती भिंतीचा आधार घेत उठली, तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढे धरून मी पाणी संपवेपर्यंत उभी राहिली. रिकामा तांब्या माझ्या हातून घेतला आणि हसून म्हणाली, "गाव उघडल्यावर मास्तरले बोलाव लागलं, गळा दुखनारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांगडीवाली आली. गोरेगावची ती बाई वर्षानुवर्षं आमच्या गावात फिरत होती आणि बंदीनंतर येणारी ती पहिलीच. मी ओसरीवर घोंगडी पांघरून बसलो होतो. समोर पाणकराच्या ओट्यावर ती त्या लेकीचा हात गुडघ्यावर घेऊन हिरव्या बांगड्या चढवत होती. दोघी कशाला तरी हसत होत्या. अर्धं गाव येता-जाता ते पाहत होतं.

संध्याकाळी बायको तिच्या भावाच्या गाडीतून आली. तिचं माहेरचं दार आतून लावलेलं होतं. त्यांनीही स्वतःला कोंडून घेतलं होतं, एवढंच. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. "कवापासून आहे ताप?"

"आजच," मी म्हणालो. तिने माझ्या अंगाखालची घामाने पिवळी पडलेली चादर पाहिली आणि पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. पाणकराची लेक तिसऱ्या दिवशी तापाने पडली. तापातच बाळंत झाली. मुलगी जगली, ती गेली. गावात आणखी काही दारांवर डहाळ्या लागल्या, त्या आता माझी बायको बांधत होती. मंडईचे ढोल मी अंथरुणातून ऐकले. ती भरली, पण दुपारीच मोडली. आणि एका सकाळी रस्त्यावर काचा फुटल्याचा मोठा आवाज आला. बायको बाहेर जाऊन आली आणि म्हणाली, "बांगडीवाली आली होती. पाणकरानं तिची टोपली आपटली. काचच काच झाली रस्त्यात."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही म्हनली. टोपली उचलून चालली गेली."

मी बरा झाल्यावर पंचांनी ठराव केला की ही बाई बिमारी घेऊन आली, तिने पुन्हा गावात पाय ठेवायचा नाही. ठराव लिहायला मला बोलावलं. अक्षर माझं चांगलं होतं. मी तो लिहिला, वाचून दाखवला, आणि सगळ्यांनी खाली अंगठे लावले.

जावयाने दुसरं लग्न केलं. पोर पाणकराने वाढवली. सहा वर्षांची झाली तेव्हा तिचा हात धरून तो शाळेत आला आणि म्हणाला, "हिले वाचता आलं पायजे. दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहाव नाही लागलं पायजे." तो असं का बोलला हे त्या दिवशी मला समजलं नाही. साधं बोलणं होतं ते कदाचित. मी तिला चार इयत्ता शिकवलं. ती हुशार होती, ओळीवर बोट न ठेवता वाचायची. माझी दोन पोरं त्याच बाकावर बसायची, पण मी तिला जास्त वेळ देत असे. हे तिला, तिच्या आजाला आणि माझ्या बायकोला दिसत होतं. गोरेगावच्या बाजारात बांगड्यांची ओळ आली की मी दुसऱ्या बाजूने जायचो.

आता त्या मुलीचं लग्न ठरलं आहे. चुडा कुणाकडून भरायचा असा विषय निघाला तेव्हा ती आजाला म्हणाली, "गोरेगावची बाई सगयात चांगली भरते म्हनतात. तिच्याच हातानं भरू." पाणकराने भरलं ताट सारून दिलं. हे मला बायकोने सांगितलं आणि म्हणाली, "तुमी काऊन जेवून नाही राह्यले?"

दुसऱ्या दिवशी मी पाळीवर गेलो. पाणकर आता सत्तरीचा आहे, पण दुपारी तिथेच असतो. मी त्याला सगळं सांगितलं. पहाटेचा ताप, चूल, डहाळी, धूळ. तो पाण्याकडे पाहत होता.

"आता काऊन सांगून राह्यले?" तो म्हणाला. "त्या बाईनं धाडलं तुमाले?"

"नाही."

"मंडईत दुकान मांगत असंल. का मालगुजाराच्या पोरानं काई शिकवलं? पान्याचा वाद चालू आहे त्याचा माया संगं."

"कुणी नाही पाठवलं."

"सोरा वर्सांनी मानूस फुकट नाई बोलत, मास्तर." त्याने पाळीवरचा एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "चिठ्ठीत काय होतं, सांगा."

मी सांगितलं. टोळी, टोपरं, येणार नाही. मग ती ओळ. शब्द न् शब्द मला पाठ होता. ती ओळ मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलत होतो, आणि बोलताना त्याच्याकडे पाहण्याची हिंमत झाली नाही.

"हं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी घरी आलो, तं पोरीनं मले सारी चिठ्ठी तोंडपाठ सांगतली. थे ओळ नव्हती त्याच्यात. चिठ्ठी मी ठेवली होती. नात तिसरीत गेली तवा म्हनलं, वाच. तिनं वाचली. मी म्हनलं, पुन्हा वाच. पुन्हा वाचली, तरी थे ओळ होतीच."

मी दगडावर बसलो. "म्हणजे सात वर्षं तुम्हाला..."

"सात वर्सं तुमाले पाहून राह्यलो. आज सांगतात का उद्या सांगतात."

"मग तुम्ही का नाही विचारलं? गावाला का नाही सांगितलं?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कोन्या तोंडानं? टोपली मी फोडली होती. गाव म्हनलं असतं, मंग त्या बाईले कायले हाकललं? तुमी गप होते, म्हनून मीबी गप होतो. तुमचं बरं चाललं होतं, मायंबी बरं चाललं होतं. रस्त्यानं दोन कोस बायका चालून राह्यल्या होत्या, तेवढंच."

पुढच्या बाजाराला आम्ही दोघे गोरेगावला गेलो. बांगडीवाली म्हातारी झाली आहे, पण हात तसेच आहेत. ती एका पोरीच्या हातात बांगड्या चढवत होती. आम्हाला तिने ओळखलं आणि हातातलं काम न थांबवता म्हणाली, "काय पायजे?"

मी सांगू लागलो. मध्येच पाणकर बोलू लागला. आम्ही एकमेकांना तोडत होतो. ज्या पोरीचा हात तिच्या गुडघ्यावर होता ती टकमक पाहत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती बाई म्हणाली, "मले ताप आलाच नोता तवा. पहिलेबी नाई, मागूनबी नाई. घरीबी कोनाले नोता. इचारलं असतं तं सांगतलं असतं. इचारलं कोन?"

सोळा वर्षांत इतका साधा प्रश्न मला सुचला नव्हता. ठराव लिहिताना तर सुचायलाच हवा होता.

पाणकर म्हणाला, "नातीचा चुडा तुया हातानं भराचा आहे."

"काऊन? दुसऱ्या बाया मेल्या का बाजारातल्या?" तिने त्या पोरीचा हात सोडला आणि दुसरा घेतला. "तुमाले आता काय मोकळं होयाचं आहे ते मले मालूम नाई. बांगडी मी हात पाहल्याबिगर देत नाई. पोरीले इथं आना. अन् सारं सांगून आना तिले. नाहीतर उद्या तिले ठेच लागली तरी तुमचं गाव म्हनंल, मायले खाल्लं अन् लेकीच्याबी हाताले लागली."

"मी सांगतो तिले," पाणकर म्हणाला.

"तू काय सांगशील गा? तू आपलं सांगशील, हे मास्तर आपलं सांगतील. दोघाचंबी अर्धं अर्धं." ती आमच्याकडे पाठ करून बांगड्यांचा जोड शोधू लागली.

आम्ही गावाकडे परतलो. शिवेपाशी, जिथे झाप होती तिथे, तो थांबला. मला वाटलं काही म्हणेल. "पोरीले तुमी सांगा," तो म्हणाला. "माया तोंडून नाई निघनार. पन मी पाहून राहीन."

माझ्याही तोंडून निघणार नाही. दोनदा तिच्या घरापर्यंत जाऊन मी परत आलो. समोरासमोर सांगू लागलो तर कुठेतरी आवाज खाली येईल, कुठेतरी दव आणि धूळ मध्ये येईल, हे मी स्वतःविषयी आता ओळखून आहे. म्हणून लिहून काढलं. तिला वाचता येतं. पुढे आणखी कुणी वाचलं तर वाचो, गावानेही वाचो.

बाजाराला अजून पाच दिवस आहेत. हे कागद आज संध्याकाळी तिच्या हाती देईन आणि ती वाचेपर्यंत तिच्या ओट्यावर बसेन. सोबत तिच्या आईला आलेलं ते पत्रही तिने काढून ठेवावं आणि ताडून पाहावं. या वेळी मी एकही ओळ गाळलेली नाही.